जुन्या मोटरसायकलींच्या संग्रहालयापर्यंत ग्रुप राइड: आखणी कशी करावी

एका दिवसाच्या राइडचा हिशोब संग्रहालयापासून उलटा मांडा. जुन्या गाड्या नीट बघायला दोन-अडीच तास लागतात. तेवढे आधी बाजूला काढा आणि उरलेल्या वेळात रस्ता बसवा. नाहीतर दिवसभर गाड्या हाणून दार बंद होता होता पोचाल आणि ज्यासाठी निघालात तेच राहून जाईल.

आठवडाभर आधी फोन करून सुट्टीचा वार, शेवटच्या प्रवेशाची वेळ, हेल्मेट-जॅकेट ठेवायची सोय आणि पार्किंगची जमीन पक्की आहे का, हे विचारून घ्या. गवतात किंवा उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात साइड स्टँड रुततो. एक गाडी कलंडली की शेजारच्यांनाही घेऊन जाते. स्टँडखाली ठेवायला तळहाताएवढा जाड पत्रा प्रत्येकाकडे हवा.

ताशी 60 ने चालणारा ग्रुप थांबे धरून तासाला 45 किलोमीटरच कापतो, असं धरून चाला. पेट्रोलचा थांबा सगळ्यांत लहान टाकीवर ठरतो. ती गाडी 180 किलोमीटर जात असेल, तर 120 ला सगळ्यांनीच टाक्या भरायच्या.

निघायच्या सकाळी टायर थंड असतानाच हवा तपासा. चेन मात्र आदल्या दिवशी बघा. मागचं चाक हाताने फिरवत राहा. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथेच ढील, म्हणजे चेन वर-खाली किती हलते ते, मोजायची. बऱ्याच गाड्यांना 25 ते 35 मिलिमीटर चालते, पण मॅन्युअलमधला आकडा अंतिम. सैल जागी मोजून ताणलीत, तर घट्ट जागा आल्यावर चेन बेअरिंगवर जोर टाकते.

रस्त्यावर सात-सात गाड्यांचे गट करा. सरळ रस्त्यावर स्टॅगर फॉर्मेशन: लीड, म्हणजे सर्वांत पुढचा रायडर, मधल्या रेषेकडे, दुसरा कडेकडे, तिसरा पुन्हा लीडच्या रेषेत. आपल्याच रेषेतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंद, तिरक्या गाडीपासून एक. ताशी 60 ला दोन सेकंद म्हणजे सुमारे 33 मीटर. वळणं सुरू झाली की एकेरी रांग, कारण वळणात प्रत्येकाला पूर्ण लेन लागते. ओव्हरटेक एकेकाने, स्वतः रस्ता बघून. पुढचा गेला म्हणून मागच्याने जायचं नाही.

नवखे रायडर लीडच्या लगेच मागे ठेवा. शेवटी ठेवले की रांगेचा रबर होतो: लीडने थोडा वेग वाढवला तरी शेपटाला अंतर भरायला बराच जास्त वेग घ्यावा लागतो आणि अपघात तिथे होतात. सर्वांत मागे स्वीप, म्हणजे ग्रुपमधला सगळ्यांत शांत डोक्याचा माणूस; पंक्चर किट आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. फाट्यावर लीडमागचा रायडर सुरक्षित जागी थांबून वळण दाखवतो आणि स्वीप दिसेपर्यंत हलत नाही. ही पद्धत पाळलीत तर पुढच्याला गाठायची घाई कुणालाच राहत नाही.

आत जाताना जॅकेट काढून ठेवा. झिप आणि बकल टाकीच्या जुन्या रंगावर ओरखडे काढतात. निकेलला हात लावू नका, घामाने डाग पडतात. बघताना हँडलवरचा छोटा स्पार्कचा लिव्हर शोधा. किक मारताना त्याने ठिणगी उशिरावर घ्यायची, नाहीतर ठिणगी लवकर पडून किक उलटी पायावर येते. काही गाड्यांवर तेलाचा हातपंप सापडेल: त्या काळी इंजिनला तेल किती लागेल ते चालवणाऱ्यालाच ओळखावं लागे. 1923 ची बीएमडब्ल्यू आर 32 असेल, तर खाली वाकून मागच्या चाकाकडे जाणारा शाफ्ट बघा, चेन नाहीच. 1969 ची होंडा सीबी 750 असली तर पुढचा डिस्क ब्रेक बघा आणि मग आधीच्या गाड्यांच्या ड्रम ब्रेककडे परत जा.

परतीचा शेवटचा टप्पा उजेडातच संपेल अशा वेळी निघा. निघण्याआधी डोकी मोजा. एखादा अजून जुन्या इंजिनाच्या मॅग्नेटोपुढे, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रापुढे, उभा असतोच. त्याच्यासाठी आखणीत दहा मिनिटं धरलेली असू द्या.