नावडती भाजी सोडण्याआधी ती भाजून बघा

खाण्यात चोखंदळ असलेल्या माणसाने वनस्पतीजन्य आहाराकडे वळायचं ठरवलं की बहुतेकदा पोत आडवा येतो. मशरूम बुळबुळीत लागतं, उकडलेला फ्लॉवर गिळगिळीत लागतो आणि मन तिथेच उडतं. अशा वेळी शिजवायची पद्धत बदला. माझ्या मते हा बदल सर्वांत जास्त कामी येतो. तोच फ्लॉवर कोरडा पुसा, तुऱ्यांना तेलाचा हात लावा आणि सुटे सुटे पसरून कडक आचेवर भाजा. कडा तपकिरी झाल्या की गोडसर, खमंग चव येते. तुरे खेटून ठेवले तर वाफ कोंडते आणि पुन्हा तोच लगदा होतो.

एका वेळी एकच नवा पदार्थ घ्या, तोही घासभर, आवडत्या जेवणासोबत. मुलांना नवी चव रुळायला ८ ते १५ वेळा चाखावी लागू शकते, तेव्हा मोठ्यांनीही दोन घासांत निकाल लावू नये. जबरदस्ती मात्र नकोच, तिने नावड पक्की होते.

दूध-अंडीही सोडणार असाल तर बी१२ या जीवनसत्त्वाची गोळी किंवा बी१२ घातलेले पदार्थ हवेतच. चालणारे पदार्थ अगदी मोजके उरले असतील किंवा वजन घटत असेल, तर आधी आहारतज्ज्ञांना भेटा.