नाटकासाठी खोटी जखम, घरातल्याच सामानात

खोटी जखम बहुतेक वेळा फसते ती रक्त भसाभस ओतल्यामुळे. बघणाऱ्याला पटतात त्या जखमेच्या कडा आणि आतला काळपट रंग. म्हणून वेळ तिथे घालवा.

आधी चाचणी. जे लावणार ते सगळं हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. खोट्या पापण्या चिकटवायच्या गोंदात (इथे तोच वापरायचा आहे) लेटेक्स असू शकतं आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. डोळ्यांजवळ किंवा खऱ्या जखमेवर काहीही लावू नका. घरातला झटपट चिकटणारा गोंद तर त्वचेवर कधीच नको.

खोट्या कातडीच्या लेपासाठी पेट्रोलियम जेलीत थोडा थोडा मैदा मिसळत जा. गोळा बोटांना चिकटेनासा झाला की थांबा. त्यात किंचित फाउंडेशन घातलं तर रंग त्वचेशी जुळतो. जागा सपाट निवडा, म्हणजे गाल किंवा मनगटाच्या वरचा भाग. कोपरावर हा लेप टिकत नाही, हात वाकवला की सुटतो.

त्वचा तेलकट नसावी. पुसून घ्या, पापण्यांच्या गोंदाचा पातळ थर द्या, तो चिकटसर झाला की लेप लांबट आकारात दाबून बसवा. आता खरी मेहनत. कडा बोटाने बाहेरच्या दिशेने इतक्या पातळ करा की लेप कुठे संपतो ते कळू नये. बोटाला जेली लावली की काम सोपं होतं. मग टूथपिकच्या बोथट टोकाने मधोमध चीर पाडा आणि तिच्या कडा जराशा उचला. सरळ रेघ नको, खरी त्वचा वेडीवाकडी फाटते. वरून फाउंडेशन आणि हलकी पावडर.

चिरेच्या तळाला गडद तपकिरी किंवा काळी आयशॅडो, वरच्या कडांना लाल. भोवती जांभळट छटा पुसट चोळा. हिरवट-पिवळा रंग इथे नको, तो जुन्या, बऱ्या होत आलेल्या माराचा असतो.

रक्तासाठी घट्ट, गार साखरेच्या पाकात खाण्याचा लाल रंग, निळ्याचा एक थेंब आणि चिमूटभर कोको पावडर. सुकलेलं रक्त तपकिरी दिसतं, म्हणून जखम जुनी दाखवायची असेल तर कोको वाढवा. चिरेत टूथपिकने भरा, एखादाच ओघळ सोडा. पात्र उभं असेल तर ओघळ खाली जाईल, आडवं पडलेलं असेल तर बाजूला. हे बहुतेक जण विसरतात. (पाकाला मुंग्या येतात, तेव्हा तयारी ऐनवेळीच करा.)

मग ज्या उजेडात प्रयोग आहे त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून बघा. रंगमंचावर छटा ठळक लागतात, कॅमेऱ्यासमोर फिक्या.

काढताना ओरबाडू नका. तेलात भिजवलेला कापूस थोडा वेळ दाबून ठेवा, लेप सुटेल. मग कोमट पाणी आणि साबण. खाण्याचा रंग त्वचेवर दिवसभर राहू शकतो, कपड्यांवर त्याहून जास्त, त्यामुळे अंगात जुनाच शर्ट असू द्या.