ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स : ऋतूनुसार कीटक कसे पकडावेत

या व्हिडिओ गेममध्ये एकूण 80 प्रकारचे कीटक असून, कोणता कीटक केव्हा दिसेल हे महिना, घड्याळातील वेळ आणि सुरुवातीलाच निवडलेला गोलार्ध यांवर ठरते. पुढील महिने उत्तर गोलार्धाचे आहेत. दक्षिण गोलार्धात ते सहा महिन्यांनी सरकतात.

सर्वांत अवघड शिकार टॅरँट्युला कोळ्याची, जो नोव्हेंबर ते एप्रिल या काळात संध्याकाळी 7 ते पहाटे 4 पर्यंत फिरतो. जाळे हातात घेऊन ए बटण दाबून धरावे, म्हणजे पात्र दबक्या पावलांनी चालू लागते. कोळ्याने पुढचे पाय उगारताच जागीच थांबावे, त्याने ते खाली घेतल्यावर पुन्हा सरकावे आणि पुरेसे जवळ गेल्यावरच बटण सोडावे. घाई केली, तर तो अंगावर धावून येतो, चावतो आणि आपण बेशुद्ध होऊन घराच्या दारात जागे होतो (पहिल्या काही रात्री हे घडणारच, त्याचे वाईट वाटून घेऊ नये). मे ते ऑक्टोबरमध्ये त्याची जागा विंचू घेतो. पद्धत आणि वेळ तीच. दोघांचीही किंमत 8,000 बेल्स (खेळातील चलन) असली, तरी कीटक विकत घेणारे फ्लिक हे पात्र बेटावर येईपर्यंत ते जपून ठेवल्यास दीडपट रक्कम मिळते.

जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी 5 नंतर नारळाची झाडे तपासावीत, कारण 12,000 बेल्सचा हॉर्न्ड हर्क्युलीस भुंगा त्यांच्याच खोडावर बसतो. मात्र तेथे धावत जाऊ नये.