रेड ॲरे ‘डिग्रेडेड’ झाला तर : आधी निदान, मग दुरुस्ती

रेड ॲरे म्हणजे अनेक डिस्क मिळून केलेला एकच साठा. बहुतेक प्रकारांत एखादी डिस्क गेली तरी त्यातला डेटा वाचतो. सर्व्हरकडून ‘डिग्रेडेड ॲरे’ असा मेल आला, म्हणजे एक डिस्क गळाली आहे आणि उरलेल्यांवर काम चालू आहे. फाइली उघडतायत, हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतंय, डेटा शाबूत आहे. तो जातो तो बहुतेकदा यानंतर, घाईघाईतल्या दुरुस्तीत. कुणीतरी भलतीच डिस्क उपसतो, नाहीतर ॲरे ‘नव्याने तयार’ करायला घेतो. म्हणून खाली दुरुस्तीपेक्षा निदानाला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचं घेऊ, चार डिस्कचा रेड ५. यात तीन डिस्कएवढी जागा वापरायला मिळते आणि एक डिस्क गेली तरी चालतं. दुसरी गेली की ॲरे बंद. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तग धरतो. रेड ०मध्ये एकही डिस्क गेलेली चालत नाही. तो असेल तर पुढचं वाचू नका, बॅकअप शोधा. आज्ञांची नावं इथे उच्चारानुसार दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

१. हात लावण्याआधी

सर्व्हर रीस्टार्ट करू नका. अर्धवट चालणारी डिस्क पुन्हा उठेलच असं नाही. ताजा बॅकअप नसेल तर महत्त्वाच्या फाइली आत्ताच बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण पुढच्या रीबिल्डमध्ये, म्हणजे गेलेल्या डिस्कचा मजकूर नवीवर पुन्हा तयार करताना, उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जाणार आहेत.

मग नोंदी. ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘एमडीस्टॅट’ फाइल वाचा. चौकटी कंसात प्रत्येक डिस्कसाठी एक खूण असते : ‘यू’ म्हणजे ठीक, अधोरेषा म्हणजे गैरहजर. डिस्कच्या नावापुढे कंसात ‘एफ’ असेल तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, तिला बाद ठरवलं आहे. त्यानंतर ‘एमडीएडीएम’ला (लिनक्सचं रेड सांभाळणारी आज्ञा) ‘डिटेल’ पर्याय देऊन ॲरेची, आणि ‘एक्झॅमिन’ पर्याय देऊन प्रत्येक डिस्कच्या पार्टिशनची माहिती घ्या. हे सगळं दुसऱ्या मशिनवर साठवा. चंक साइज (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा केवढा), डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो), डिस्कचा क्रम या गोष्टी आज कंटाळवाण्या वाटतील, पण प्रकरण चिघळलं तर डेटा रिकव्हरीवाला सगळ्यात आधी याच मागेल.

२. डिस्क खरंच गेली आहे का?

ॲरेतून बाहेर पडलेली प्रत्येक डिस्क मेलेली नसते. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांची यादी) त्या वेळच्या ओळी पाहा, मग ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कच्या तब्येतीचा अहवाल काढा. वरची ‘पास्ड’ ही ओळ विसरा. मरायला टेकलेल्या डिस्कही त्यात पास होतात. साटा जोडणीच्या हार्ड डिस्कच्या अहवालात चार आकडे बघायचे.

क्रमांक ५ म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आलेले, अजून निर्णय न झालेले सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न सुधारलेले. हे आकडे वाढत असतील तर डिस्क बदला, त्यात वाद नको.

चौथा आकडा १९९, आणि तो वेगळंच सांगतो : डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या वाटेवर डेटा बिघडतोय. केबल सैल आहे, कनेक्टर गंजलाय किंवा बॅकप्लेन (डिस्क जिच्यात खोचतात ती पाटी) खराब आहे. कोकणातल्या दमट हवेत कनेक्टरचा संशय आधी घ्यावा. हा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला की समजायचं. अशी निर्दोष डिस्क ‘री-ॲड’ पर्यायाने परत घेता येते. ॲरेवर राइट-इंटेंट बिटमॅप (कोणत्या भागात लिहिलं जातंय याची नोंद) असेल तर मधल्या काळात बदललेला भागच भरला जातो, काम बरेचदा काही मिनिटांत उरकतं.

तिसरी शक्यता फारच थोडे लोक तपासतात. डेस्कटॉपची साधी डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झगडत बसते. लिनक्स मात्र एरवी ३० सेकंदच थांबतं आणि लिंक रीसेट करतं, त्या गोंधळात चांगली डिस्क ॲरेबाहेर फेकली जाते. सर्व्हर आणि नॅस (नेटवर्कवरून वापरायचा साठा) यांच्यासाठीच्या डिस्क बहुधा ७ सेकंदांत हार मानतात आणि तो सेक्टर ॲरेला इतर डिस्कवरून काढू देतात. ‘स्मार्टसीटीएल’मधल्या ‘एससीटीईआरसी’ने ही मर्यादा दिसते, डिस्कला ती सोय असेल तर ७० हा आकडा द्या, म्हणजे ७ सेकंद. सोय नसेल तर उलट करा, त्या डिस्कसाठी कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा. दोन्ही गोष्टी सर्व्हर सुरू होताना आपोआप चालतील अशा ठेवा, कारण त्या टिकत नाहीत.

३. योग्य डिस्क उपसा

‘एसडीबी’ म्हणजे दुसरा खाच, हे समीकरण डोक्यातून काढा. ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. सिरियल नंबर खरा. ‘स्मार्टसीटीएल’ने तो काढा, डिस्कच्या स्टिकरशी जुळवा. गेलेली डिस्क नंबरच सांगत नसेल तर चालू असलेल्या तिघींचे लिहून घ्या, चौथी ती. हॉट-स्वॅपची, म्हणजे सर्व्हर चालू असताना डिस्क काढण्या-घालण्याची, सोय नसेल तर नंबर वाचण्यासाठी सर्व्हर रीतसर बंदच करावा.

४. नवी डिस्क

तेवढीच किंवा मोठी हवी. तेवढ्याच ‘४ टीबी’च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये थोडे सेक्टर कमी भरले, तर ॲरे ती घेणार नाही. एसएमआर तंत्राच्या (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) डिस्क टाळा, सतत लिहिताना त्या फार मंदावतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (लाल) या नावाने विकल्या जाणाऱ्या काही डिस्क याच तंत्राच्या असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, मॉडेल नंबर तपासूनच घ्या.

आता ‘एमडीएडीएम’मध्ये जुनी डिस्क आधी ‘फेल’, मग ‘रिमूव्ह’. नवी बसवून तिच्यावर इतर डिस्कसारखं पार्टिशन करा आणि ‘ॲड’ करा. याच डिस्कवरून सर्व्हर बूटही होत असेल तर नव्या डिस्कवर बूटलोडर (सर्व्हर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) घालायला विसरू नका.

जुनी डिस्क अजून ॲरेत असेल, नुसते १९७चे आकडे चढत असतील आणि एक खाच मोकळा असेल, तर नवी डिस्क स्पेअर (राखीव) म्हणून जोडा आणि जुनीला ‘रिप्लेस’ पर्याय द्या. मजकूर जुनीवरून थेट नवीवर उतरतो, आणि तोवर ॲरे डिग्रेडेड होत नाही. मला विचाराल तर शक्य असेल तिथे हाच मार्ग घ्यावा.

५. रीबिल्ड

४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायला साडेसात तास लागतात, तेही सर्व्हरवर दुसरं काम नसताना. शनिवारी संध्याकाळी सुरू करा. यूपीएसची बॅटरी आधी तपासा.

६. दोन डिस्क एकदम गेल्या तर

आधी वीजपुरवठा, केबल आणि कंट्रोलर बघा. दोन डिस्क एकाच क्षणी मरणं दुर्मीळ, दोघींना जोडणारी एक वस्तू बिघडणं नेहमीचं. जोडणी सुधारल्यावर ‘एक्झॅमिन’मधला ‘इव्हेंट्स’ हा आकडा (ॲरेतल्या बदलांची मोजणी) प्रत्येक डिस्कवर पाहा. तो जवळपास सारखा असेल तर ‘असेंबल’ला ‘फोर्स’ जोडून ॲरे बहुधा उभा राहतो. मग फाइल सिस्टिम आधी फक्त वाचण्यापुरती माउंट करा (जोडून घ्या) आणि डेटा बाहेर काढा. एखादीचा आकडा बराच मागे असेल तर ती आधीच केव्हातरी गळालेली आहे, तिच्यावर शिळा डेटा आहे, तिला बाहेरच ठेवा.

डिस्कमध्ये खराब सेक्टर असतील तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने तिची प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवरच करा. ‘क्रिएट’ ही आज्ञा इथे वापरू नका, कुणी ठामपणे सुचवली तरी. क्रम किंवा ऑफसेट चुकला आणि नवा ॲरे सिंक होऊ लागला की जुना डेटा पुसला जातो.

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर आज्ञा वेगळ्या, तर्क तोच. डिस्क ‘फॉरेन’ (कार्डाच्या लेखी परकी) दिसली तर ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’ असे दोन पर्याय समोर येतात. ‘क्लिअर’ने त्या डिस्कवरची ॲरेची नोंद पुसली जाते. आणि सर्व्हर नुसताच संथ झाला असेल तर कार्डावरची बॅटरी तपासा. ती गेली की बहुतेक कार्डं राइट-कॅश (लिहिणं वेगवान करणारी तात्पुरती मेमरी) बंद करतात.

७. काम झाल्यावर

महिन्यातून एकदा ॲरेची पूर्ण ‘चेक’ चालते का ते पाहा. डेबियनमध्ये (लिनक्सचा एक प्रकार) ती पॅकेजसोबतच येते, इतरत्र आहे का ते बघा, नसेल तर वेळापत्रकात घाला. ‘एमडीएडीएम’च्या कॉन्फिग फाइलमध्ये मेलचा पत्ता भरा आणि ‘मॉनिटर’ला ‘स्कॅन’, ‘वनशॉट’ व ‘टेस्ट’ हे पर्याय जोडून चाचणीचा मेल पाठवा. तो स्पॅममध्ये गेला नाही ना, हे स्वतः उघडून बघा.