तुरटीच्या द्रावणातून समजून घ्या बेसाल्टचा पोत

लाव्हा भराभर निवला की स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही. म्हणून सह्याद्रीतल्या काळ्या बेसाल्ट खडकाचे कण बहुधा भिंगाशिवाय दिसत नाहीत. तसाच शिलारस (वितळलेला खडक) खोल जमिनीत सावकाश निवला, तर भरड कणांचा गॅब्रो खडक तयार होतो. हा फरक घरी तुरटीवर पाहता येतो.

दाढीनंतर लावतात ती काचेसारखी पारदर्शक तुरटी घ्या. पाणी निवळायला मिळणारी मळकट ढेपळं बरेचदा ॲल्युमिनियम सल्फेटची असतात. त्यांतून नीट स्फटिक येत नाहीत. ६० ग्रॅम तुरटी कुटून २०० मिली पाण्यात, स्टीलच्या भांड्यात साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून विरघळवा. द्रावण आम्लधर्मी असतं, त्यामुळे ॲल्युमिनियमचं भांडं नको. गरम असतानाच दुहेरी सुती कापडातून गाळा आणि तीन स्टीलच्या पेल्यांत सारखं ओता. काचेचा पेला बर्फात तडकू शकतो.

पहिला पेला लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा: तळाशी पिठूळ थर बसेल. दुसरा टॉवेलात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात झाकून रात्रभर ठेवा. सकाळी आठ पृष्ठांचे, टोकदार, मोजके स्फटिक मिळतील. तिसराही खोक्यातच ठेवा, पण तळाशी चार-दोन ठळक स्फटिक दिसू लागले की उचलून बर्फात घाला. मोठ्यांभोवती बारीक चुरा जमेल. हा तिसरा पेला सर्वांत बोलका आहे. कसाऱ्याजवळ थळ घाटातल्या काही थरांत फेल्डस्पार या खनिजाचे काही सेंटीमीटर लांबीचे स्फटिक बारीक बेसाल्टमध्ये रुतलेले दिसतात. ते उद्रेकाआधी भूगर्भातच वाढलेले होते. भोवतालचा रस बाहेर येऊन झटपट थिजला.

दुसऱ्या पेल्यातही चुराच आला, तर न विरघळलेले कण किंवा धूळ आत राहिली, नाहीतर पेला हलला. प्रत्येक कणावर वेगळा स्फटिक सुरू होतो आणि तुरटी त्या साऱ्यांत विभागली जाते. ढगांतही आधार लागतोच: हवेत धूळ किंवा समुद्री मिठाचे कण असले की बाष्प त्यांवर सहज जमतं. अगदी स्वच्छ हवेत शंभर टक्क्यांच्या बरीच वर आर्द्रता गेली तरी थेंब बनत नाहीत. एकच मोठा स्फटिक वाढवायला छोटा बी-स्फटिक दोऱ्याला बांधून द्रावणात सोडला आणि तो विरघळला, तर द्रावण अजून गरम किंवा पातळ आहे. कोमट होऊ द्या, मग सोडा.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. तुरटी पाण्यातून बाहेर पडते, तर शिलारसात अनेक खनिजं एकाच वेळी जागेसाठी झगडतात; म्हणून खडकातल्या बहुतेक कणांना अशा रेखीव कडा नसतात. आणि बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट किंवा अपोफिलाइट या खनिजांचे सुंदर स्फटिक लाव्हा निवताना झालेले नव्हेत. खडक घट्ट झाल्यावर त्यातून झिरपलेल्या गरम, खनिजयुक्त पाण्यातून ते वाढले आहेत.