एकाच नावाचे ग्रंथकार वेगळे कसे काढावेत: भास्कर आणि चांगदेव

खान्देशातल्या ग्रंथकारांची यादी करायला बसलं की भास्कर आणि चांगदेव ही दोन नावं हटकून घोळ घालतात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथल्या दानाच्या शिलालेखात राजज्योतिषी चांगदेव आहेत. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर योगी चांगदेवांच्या नावाचं गावच आहे. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांतही, म्हणजे त्यांच्या पाच अवतारांत, चांगदेव राऊळ येतात. या तिघांची नोंद एकाच पानावर झाली की राजज्योतिषाच्या नावावर योग्याच्या कथा चढतात आणि मग त्या उतरवणं फार कठीण जातं. गावचं वाचनालय, शाळेचा प्रकल्प किंवा तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी ही कामाची रीत आहे.

कार्ड माणसाचं करा, नावाचं नको

ग्रंथालयात मिळतात ती १२.५ × ७.५ सेंटिमीटरची जाड कार्डं घ्या. वही नको, कारण वहीतलं पान मधेच हलवता येत नाही. प्रत्येक कार्डावर सात रकाने करा: नाव (मूळ जागी जसं लिहिलंय तसंच), वडील, गोत्र किंवा पंथ, गाव, शक, ग्रंथ आणि ही माहिती कुठून मिळाली. शिलालेखात किंवा ग्रंथाच्या पुष्पिकेत (शेवटच्या समारोपाच्या ओळींत) जे प्रत्यक्ष आहे ते शाईने लिहा, बाकी सगळं पेन्सिलने. शाईने भरलेले निदान दोन रकाने जुळल्याशिवाय दोन कार्डं एकत्र करू नका, आणि त्या दोनांत नाव धरायचं नाही.

शंका असेल तर कार्डं वेगळीच ठेवा. एका माणसाची चुकून दोन कार्डं झाली तर ती कधीही जोडता येतात. दोन माणसं एका कार्डावर मिसळली तर कोणती ओळ कुणाची, हे नंतर कळत नाही.

गावाच्या नावालाही हाच नियम लावा. पाटण साताऱ्यात आहे, गुजरातेत आहे, आणि पाटण्याच्या शिलालेखातही ‘पाटण’ असंच येतं. त्यामुळे गावापुढे तालुका आणि जिल्हा लिहायलाच हवा.

शक कसा वाचायचा

जुने ग्रंथकार वर्ष आकड्यांत न देता शब्दांत देतात. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी या ज्योतिष-गणिताच्या ग्रंथात आपलं जन्मवर्ष ‘रसगुणपूर्णमही’ असं दिलं आहे. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे: १०३६. त्यात ७८ मिळवले की इ. स. १११४. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलतं, म्हणून त्यानंतरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. हा आकडा कुणी डावीकडून वाचला तर ६३०१ असा अशक्य शक येतो, म्हणजे इथे चूक लगेच पकडता येते. पण ११३१ सारखे आकडे उलटेही (१३११) खरे वाटतात. तिथे दोनदा तपासा.

संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, दिलं असेल तर पडताळा घ्याच. दक्षिणेकडच्या रीतीने शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. बाकी १ म्हणजे प्रभव, बाकी ० म्हणजे साठावं क्षय. पाटण्याच्या शिलालेखात शके ११२८ आणि प्रभव संवत्सर दोन्ही आहेत. ११२८ मध्ये १२ मिळवून भागलं की बाकी ० येते, म्हणजे क्षय. प्रभव येतं ते ११२९ ला. गत (पूर्ण झालेलं) वर्ष आणि चालू वर्ष यांच्या मोजणीत असा एकाचा फरक पडतो, म्हणून या लेखासाठी कुठे १२०६ तर कुठे १२०७ छापलेलं दिसतं. त्यावरून दोन वेगळे लेख किंवा दोन वेगळे दाते समजू नका. लेखात श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचा उल्लेख आहे. ग्रहणांचं कोष्टक हाताशी असेल तर त्यावरूनही ताडून पाहता येतं.

पिढ्यांचा हिशोब

हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, आणि नावांचा गुंता सोडवायला त्याच्याइतकं चांगलं साधन आपल्या भागात दुसरं नाही. त्यात शांडिल्य वंशाची सलग यादी आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. म्हणजे एकाच घराण्यात दोन भास्कर. पहिल्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. दुसरे सिद्धान्तशिरोमणीकार. ‘भोजाच्या दरबारातले भास्कराचार्य’ असं वाक्य कुठे आढळलं तर हे दोघे मिसळले आहेत असं समजा.

आता त्रिविक्रम. नलचंपू या संस्कृत काव्याचे कर्ते त्रिविक्रमभट्ट हेही शांडिल्य गोत्राचे, म्हणून दोघांना एक मानण्याचा मोह होतो. मागे मोजत जा. भास्कराचार्यांचा जन्म १११४. त्रिविक्रम त्यांच्या सहा पिढ्या आधीचे. पिढीला २५ ते ३० वर्षं धरली तर त्रिविक्रमांचा जन्म ९३४ ते ९६४ च्या दरम्यान येतो. नलचंपूकार मात्र राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळातले, आणि त्या राजाचे ९१५ चे ताम्रपट त्यांनीच रचलेले आहेत. तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते असं धरलं, तर दोघे एकच ठरवायला सहाही पिढ्या सरासरी ३७ वर्षांच्या धराव्या लागतात. आमच्या मते कार्डं वेगळीच ठेवावीत आणि गोत्र सारखं असल्याची नोंद दोन्हींवर पेन्सिलने करावी. नाव आणि गोत्र दोन्ही जुळूनही माणूस वेगळा असू शकतो, याचा हा उत्तम नमुना आहे.

भास्करांची कार्डं

‘पहिला’, ‘दुसरा’ हे क्रमांक आधुनिक अभ्यासकांनी सोयीसाठी लावलेत. पोथीत ते सापडणार नाहीत. पोथीत शोधायचा तो ग्रंथ आणि वडिलांचं नाव.

आर्यभटीयावरचं ६२९ चं भाष्य, महाभास्करीय आणि लघुभास्करीय हे सातव्या शतकातल्या भास्करांचं काम. महेश्वरांचे पुत्र भास्कराचार्य यांचा सिद्धान्तशिरोमणी शके १०७२ चा, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीचा. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचेच चार भाग. ते अनेकदा स्वतंत्र पुस्तकं म्हणून छापले जातात, म्हणून चार कर्ते धरू नका. त्यांचंच करणकुतूहल शके ११०५ चं. मधे ३३ वर्षं गेली म्हणून कर्ता बदलत नाही, तेव्हा ते ६९ वर्षांचे होते.

गणिताबाहेरचे भास्कर विषयावरून पटकन वेगळे होतात. ब्रह्मसूत्रांवर भेदाभेद मताचं भाष्य करणारे भास्कर वेदान्ती. अर्थसंग्रह लिहिणारे लौगाक्षी भास्कर मीमांसक. ललितासहस्रनामावरचं सौभाग्यभास्कर हे भास्कररायांचं. शिशुपाळवध आणि उद्धवगीता ही मराठी काव्यं रचणारे महानुभाव भास्करभट्ट बोरीकर. ‘भास्करभट्ट’ एवढंच लिहिलं तर विद्यापती आणि बोरीकर एकमेकांत शिरतात, म्हणून पुढचा शब्द कधीही गाळू नका. इंटरनेटवर ‘भास्कर १’ किंवा ‘भास्कर २’ शोधलं की १९७९ आणि १९८१ चे उपग्रह पुढे येतात. शोधताना ग्रंथाचं नाव जोडा.

चांगदेवांची कार्डं

पाटण्याचे चांगदेव भास्कराचार्यांचे नातू, यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. तापीकाठचे योगी चांगदेव ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंचे समकालीन. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. शिलालेख आणि ज्ञानेश्वरी यांच्या मधे सुमारे ८४ वर्षं आहेत आणि ज्योतिषी तर इ. स. १२०६ च्या सुमाराला जाणते विद्वान होते, म्हणून हे दोघे एक नव्हेत. योगी चौदाशे वर्षं जगले ही परंपरा पेन्सिलने ‘परंपरा’ म्हणून लिहा, शकाच्या रकान्यात नको. तिथे लिहिली तर कोणताही चांगदेव कोणत्याही शतकात बसेल.

चांगदेव पासष्टी योग्यांच्या कार्डावर ‘ग्रंथ’ म्हणून चढवण्याची चूक फार होते. त्या पासष्ट ओव्या ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना उद्देशून लिहिल्या. त्या ज्ञानेश्वरांच्या कार्डावर जातील. इथे फक्त ‘पाहा: ज्ञानेश्वर’. चांगदेव राऊळ म्हणजे द्वारावतीचे चक्रपाणी. त्यांचं कार्ड पंथाच्या रकान्यावरून वेगळं ठेवा आणि ‘चक्रपाणी’ या नावानेही एक पाहा-कार्ड घाला.

हीच रीत बहिणाबाईंना लावा. तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई १६२८ ते १७००, वज्रसूची मराठीत आणणाऱ्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १८८० ते १९५१. दोघींच्याही रचना मौखिक गाण्यातून फिरतात, म्हणून आडनाव नसलेली ओळ मिळाली तर ती छापील संग्रहात सापडेपर्यंत दोन्ही कार्डांबाहेर, ‘अनिश्चित’ असं लिहिलेल्या पाकिटात राहू द्या.