कॅम्परमधील गिझर : निघण्यापूर्वी पुण्यातच करायची तयारी

डिसेंबरात कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन महाबळेश्वरला मुक्कामाला जायचे असेल, तर गरम पाण्याची चाचणी आठवडाभर आधी घरच्या पार्किंगमध्येच घ्यावी आणि तीही भल्या पहाटे. दुपारी घेतलेली चाचणी फसवी असते. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतले पाणी 28 अंशांवर असते, तेच डोंगरावरच्या पहाटे 14 अंशांवर येते. गॅसचा इन्स्टंट गिझर पाण्याचे तापमान ठरावीक अंशांनीच वाढवत असल्याने बाहेर पडणारे पाणीही तेवढेच गार येते.

सर्वप्रथम टाकी भरून गरम पाण्याचा नळ उघडावा आणि हवेचे फुत्कार थांबून सलग धार येईपर्यंत तो बंद करू नये. स्टोरेज गिझर कोरडा असताना वीज दिली, तर त्याचा एलिमेंट पाहता पाहता जळतो. बोअरवेलचे पाणी शक्यतो टाळावे, कारण त्यातील क्षार एलिमेंटवर आणि थर्मोस्टॅटजवळ साचले की दाखवलेले तापमान आणि खरे तापमान यांचा मेळ राहत नाही.

आता मुख्य काम, म्हणजे नळाच्या तोंडाशी तापमान मोजणे. गिझरच्या चकतीवरील आकड्यांवर विसंबू नये. स्टीलच्या तांब्यात धार धरून त्यात थर्मामीटर बुडवावा, काटा स्थिरावू द्यावा आणि आकडा लिहून ठेवावा. आंघोळीला 38 ते 40 अंश पुरेसे असतात. 60 अंशांचे पाणी प्रौढ माणसाची त्वचाही साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजू शकते, तर 49 अंशांवर तेवढ्याच इजेला काही मिनिटे लागतात; लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हा फरक फार मोठा आहे. म्हणून टाकीतले तापमानच 42 वर आणून ठेवावे असे अनेकांना वाटते, पण मला ते पटत नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात लीजनेला हा फुप्फुसांचा आजार करणारा जिवाणू वाढतो आणि 60 अंशांवर तो तग धरत नाही. शिवाय 60 अंशांच्या 20 लिटर पाण्यात 20 अंशांचे तेवढेच पाणी मिसळले, की 40 अंशांचे 40 लिटर मिळतात. तेव्हा टाकी गरमच ठेवावी आणि नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम-गार पाणी आपोआप मिसळून ठरावीक तापमानाला सोडणारी झडप, बसवून घ्यावा. तो बसवल्यावर गार पाण्याचा कॉक मुद्दाम बंद करून पाहावे. चांगला व्हॉल्व्ह अशा वेळी गरम पाणीही रोखतो.

इन्स्टंट गिझर असेल तर प्रेशर पंपाकडे विशेष लक्ष द्यावे. ज्योत तेवढीच राहून पाण्याचा प्रवाह निम्मा झाला, तर तापमानवाढ दुप्पट होते : 10 किलोवॉट उष्णता मिनिटाला 6 लिटर पाण्याचे तापमान सुमारे 24 अंशांनी वाढवते, 3 लिटरचे 48 अंशांनी. आमच्या गाडीत शॉवर चालू असताना कोणीतरी भांडी घासायचा नळ उघडला आणि माझ्या खांद्यावर एकाएकी कढत पाणी आले. तो चट्टा आठवडाभर होता. तेव्हापासून दोन्ही नळ एकत्र उघडूनही मी तापमान मोजतो. पंप सतत सुरू-बंद होत असेल, तर पंपाच्या पुढच्या नळीवर लहान प्रेशर टँक जोडल्याने धार बरीच स्थिर होते. नळजोडाचे बहुतेक सामान पुण्याच्या बोहरी आळीत मिळून जाते.

विजेचा हिशेबही आधीच करावा. 20 लिटर पाणी 15 वरून 55 अंशांवर न्यायला सुमारे 930 वॉट-तास लागतात, आणि 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत एकूण 1,200 वॉट-तासच असतात. त्यामुळे मुक्कामी वीजजोडणी नसेल तर पाणी गॅसवरच तापवावे. सेफ्टी व्हॉल्व्हची कळ उचलून पाणी निघते का, ते गिझर गार असतानाच पाहावे.

गॅस गिझरचा धूर गाडीबाहेरच गेला पाहिजे, याबाबत तडजोड नको. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावून बटण दाबून तपासावा. मोजलेले सगळे आकडे गिझरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावेत आणि गाडी कात्रजच्या दिशेने हलण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर स्वतःच्या हाताने बंद करावा.